लढाईनंतरच्या चाकांच्या बोटी

३० एप्रिल १८६३ रोजी मुंबईतलं एक आरमार बरखास्त झालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून चालत आलेल्या या दलाचं अखेरचं नाव होतं ‘इंडियन नेव्ही’. समुद्राची राखण यापुढे लंडनचं शाही आरमार करील, असं सरकारने ठरवलं आणि मुंबईच्या बोटी, तोफा, अधिकारी सगळेच एका दिवसात जास्तीचे झाले. अधिकाऱ्यांना निवृत्तिवेतन देऊन मोकळं करता आलं. बोटींचं काय करायचं हा प्रश्न मात्र अवघड होता.

त्या बोटींत दोन मोठ्या आगबोटी होत्या, ‘असई’ आणि ‘पंजाब’. दोन्ही मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधलेल्या आणि दोन्ही १८५४ साली पाण्यात उतरलेल्या. पहिलीला नाव दिलं होतं आजच्या जालना जिल्ह्यातल्या त्या गावाचं, जिथे १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. इंग्रजांनी आपल्या विजयाची आठवण मराठी मुलखातल्याच बंदरात तरंगत ठेवली होती. दोन्ही बोटींना शिडं होती, वाफेचं यंत्र होतं आणि दोन्ही कुशींना एकेक प्रचंड चाक होतं. १८५६-५७ च्या इराणवरच्या मोहिमेत बुशहर आणि मोहमरा इथे त्यांनी तोफा डागल्या. मोहीम संपून सहा वर्षं होतात न होतात तोच त्या विक्रीला निघाल्या.

लंडनचा जहाजमालक जॉन विलिस याने दोन्ही विकत घेतल्या. ‘असई’ त्याने लगेच चढ्या भावाने विकून टाकली. ती १८६५ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली. ‘पंजाब’ मात्र त्याने स्वतःकडे ठेवली. तिचं यंत्र काढलं, चाकं उतरवली, तिला निव्वळ शिडाचं जहाज केलं आणि नाव दिलं ‘ट्वीड’. या नव्या रूपात तिने इराणच्या आखातात टाकायची तारेची केबल वाहून आणली. पुढे अनेक वर्षं ती प्रवासी आणि सैनिक घेऊन दूरदूरच्या सफरी करत राहिली. तिचा वेग पाहून जाणकार चकित होत. पुढे विलिसने ‘कटी सार्क’ हे जहाज बांधून घेतलं, तेव्हा त्याच्या घडणीसाठी ‘ट्वीड’चाच तळ डोळ्यांपुढे होता. १८६९ साली पाण्यात उतरलेलं ते जहाज आज लंडनमधल्या ग्रिनिचला जपून ठेवलं आहे. त्याच्या बांध्यामागे मुंबईच्या सुतारांचा हात आहे, हे तिथे जाणाऱ्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असतं. ‘ट्वीड’ स्वतः १८८८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वादळात मोडली आणि भंगारात गेली.

लढाईतून परतलेल्या चाकाच्या बोटीचा हा एक शेवट. बोट टिकली, पण चाकं गेली. या प्रकरणात असे आणखी काही शेवट पाहायचे आहेत. त्यांतला एक तर समुद्रापासून शेकडो मैल आत, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलात घडला. सगळ्यांच्या मुळाशी एकच हिशेब आहे. लढाई चालू असते तोवर बोट रिकामी जाते की भरून, हे कोणी विचारत नाही, कारण खर्च सरकार करतं. लढाई संपली की बोटीला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

चाकाचं बळ आणि चाकाची खोड

विहिरीवरच्या रहाटाची उलटी रचना डोळ्यांपुढे आणली की चाकाची बोट समजते. रहाटाचं चाक पाणी वर आणतं, इथे चाक पाण्याला मागे ढकलतं आणि बोट पुढे जाते. बोटीच्या आडव्या आसाला दोन्ही बाजूंना चाकं असतात आणि त्यांच्या परिघावर लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. आस फिरला की खालच्या दोन-तीन फळ्या एकामागून एक पाण्यात शिरतात, पाणी मागे लोटतात आणि थेंब उडवत बाहेर येतात. सरळ बसवलेली फळी पाण्यात शिरताना थाप मारते आणि बाहेर पडताना पाणी उचलते. दोन्हींत ताकद वाया जाते. म्हणून सुधारलेल्या चाकांत फळ्या खिळीवर फिरत्या ठेवल्या आणि एका लहान दांड्याने प्रत्येक फळी पाण्यात शिरताना आणि निघताना उभी राहील, अशी योजना केली. चाकावर लाकडी कमानदार झाकण असे. त्यावर बहुधा बोटीचं नाव रंगवलेलं असे.

समुद्रावर या चाकाची खोड लगेच दिसे. लाटेवर बोट एका कुशीवर कलली की एक चाक खोल बुडे, दुसरं हवेत फिरे आणि यंत्राला हिसके बसत. लांबच्या प्रवासात कोळसा जळत गेला की बोट हलकी होऊन वर उचलली जाई आणि फळ्यांना पाणी पुरेना. लढाईत तर आणखी अडचण. चाकाने बोटीची अर्धी कूस व्यापलेली, म्हणजे तेवढ्या तोफा कमी. शिवाय शत्रूचा एक गोळा नेमका चाकावर बसला की बोट जागच्या जागी लंगडी. ३ एप्रिल १८४५ रोजी इंग्रजी आरमाराने मागे पंखा असलेली ‘रॅटलर’ आणि चाकाची ‘अलेक्टो’ या दोन बोटी पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधल्या. दोघींनी पूर्ण जोर लावला आणि ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला फरफटत मागे नेलं. पंख्याची बाजू वरचढ आहे, हे लोकांना पटवून द्यायला तेवढं दृश्य पुरलं. म्हणजे १८५४ साली ‘असई’ आणि ‘पंजाब’ पाण्यात उतरल्या तेव्हाच त्यांची चाकं मागच्या पिढीतली झाली होती.

नदीत मात्र पारडं फिरतं. पंख्याला खाली खोल पाणी लागतं, चाकाला नाही. सपाट बुडाची चाकाची बोट दोन-तीन फूट पाण्यात चालते, वाळूत रुतली तर चाकं उलटी फिरवून निघते आणि धक्का नसलेल्या काठालाही लागते. नदीत लाटा नसल्याने कुशीवर कलण्याचा प्रश्न उरत नाही. म्हणून समुद्राने टाकून दिलेली चाकं नद्यांनी पुढे शंभर वर्षं वापरली. नदीकाठच्या मुलखात लढाई उभी राहिली की सरकारला पहिली आठवण याच बोटींची होई.

अमेरिकेतली लढाई, प्राणहितेवरची बोट

प्राणहितेवर लढाई झाली नाही. पण एका लढाईमुळेच तिथे आगबोटींचा बेत रंगला आणि ती लढाई संपल्यावर विरला.

वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात. तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता. ती आजच्या तेलंगणाच्या सीमेने दक्षिणेला जाते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. थोडं खाली इंद्रावती येऊन मिळते. सूरजागडच्या डोंगरातलं पाणीही इंद्रावतीवाटे शेवटी याच प्रवाहात जातं. नकाशा समोर ठेवला तर दिसतं की वऱ्हाड-नागपूरचा कापूस, चांद्याचा कोळसा आणि लोखंड, अहेरीचा साग या सगळ्यांचं पाणी एकाच दिशेने, गोदावरीच्या मुखाकडे वाहतं. मद्रासकडचे इंजिनिअर आर्थर कॉटन यांच्या डोक्यात हा नकाशा पक्का बसला होता. १८५२ साली त्यांनी धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा कायापालट केला. पुढचं पाऊल त्यांना उघड दिसत होतं : हिंगणघाटचा कापूस वर्धा नदीत बोटीवर चढवायचा आणि थेट समुद्रापर्यंत न्यायचा. आगगाडी महाग, पाणी फुकट, हा कॉटन यांचा आयुष्यभराचा युक्तिवाद.

मार्गात तीन मोठे अडथळे होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीला. तिन्ही ठिकाणी नदी खडकांच्या पट्ट्यावरून खळाळत उतरते. पावसाळ्यात पाण्याचा लोंढा बोटीला उलटा रेटतो आणि उन्हाळ्यात खडकच उघडे पडतात. मद्रास इंजिनिअर्सच्या हेग या अधिकाऱ्याने १८५० च्या दशकात हे पात्र पाहून अहवाल दिला. उपाय असा ठरला की खडकांवर बंधारा बांधून वरचं पाणी फुगवायचं आणि शेजारून कालवा काढून त्यात लॉक बसवायचे.

लॉक म्हणजे दोन दारांमधलं दगडी कुंड. खालून आलेली बोट खालच्या दारातून कुंडात शिरते आणि दार मागे बंद होतं. मग वरच्या दारातल्या झडपा उघडतात आणि वरचं पाणी कुंडात येऊ लागतं. बोट इंच-इंच वर चढते. सारंग सैल पडणारा दोरखंड ओढून घेत राहतो, नाहीतर बोट भिंतीवर घासते. कुंडातलं पाणी वरच्या कालव्याच्या पातळीला आलं की वरचं दार उघडतं आणि बोट पुढे निघते. ज्या चढावर बैलगाडीसुद्धा वळसा घेऊन जाईल, तो चढ बोट अशी जागच्या जागी चढते. दुम्मागुडेमला हे काम बरंचसं उभं राहिलं. तिथला बंधारा आजही आहे.

हा मुलूख तेव्हा सरकारच्या हाती नुकताच आला होता. नागपूरचं राज्य खालसा होऊन फार वर्षं झाली नव्हती. १८५८ साली मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी याच खोऱ्यात उठाव केला. प्राणहितेजवळ चिंचगुंडी इथे तारखात्याची माणसं मारली गेली आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी शेडमाके यांना चांद्यात फाशी झाली. दोन वर्षांनी निजामाकडून गोदावरीच्या डाव्या काठचा पट्टा सरकारला मिळाला आणि ‘अप्पर गोदावरी’ नावाचा एक स्वतंत्र जिल्हाच तयार झाला. त्याचं ठाणं सिरोंचा. तिथला डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याच्या नावाचं ग्लासफर्डपेठा हे गाव सिरोंचा तालुक्यात आहे. नदी, तिचा डावा काठ आणि तिच्यावरची वाहतूक एका हाताखाली असावी, हा या जिल्ह्यामागचा एक हेतू होता.

तेवढ्यात एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईत कापसाचे भाव कडाडले, शेअरबाजारात वेड संचारलं आणि लँकेशायरच्या व्यापाऱ्यांना एकाएकी वर्धा आणि प्राणहिता या नद्यांची नावं पाठ झाली. कॉटन जे दहा वर्षं सांगत होते, ते आता मँचेस्टरचे गिरणीवाले सांगू लागले. नव्याने झालेल्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हे १८६२ पासून या बेताचे मोठे पुरस्कर्ते झाले. बंधाऱ्यांवर मजूर लागले, खालच्या पात्रात सपाट बुडाच्या आगबोटी फिरू लागल्या. साहेब, कारकून, कामाचं सामान आणि मजुरांचं धान्य त्यांच्यावरून वर येऊ लागलं.

जंगलाने मात्र या घाईला दाद दिली नाही. पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिनेच पात्रात पुरेसं पाणी राही. तेवढ्या काळात बोट चालवायची आणि उरलेल्या काळात बांधकाम, असं वेळापत्रक होतं. पण बांधकामाला माणसं मिळत नसत. वस्ती विरळ आणि इथले गोंड, माडिया, कोया रोजंदारीवर दगड फोडायला उत्सुक नव्हते. किनाऱ्याकडून आणलेल्या मजुरांना हिवताप गाठे. पटकीची साथ आली की तळच्या तळ रिकामे होत.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई थांबली. कापसाचे भाव कोसळले. त्यांच्याबरोबर मुंबईच्या पेढ्याही कोसळल्या. १८६७ साली जीआयपीची आगगाडी नागपूरला पोचली आणि हिंगणघाटच्या व्यापाऱ्यापुढे दोन वाटा आल्या. एक वाट बारमाही आणि थेट मुंबईच्या बाजारात जाणारी. दुसरी वर्षातले काही महिने चालणारी, तीन ठिकाणी अर्धवट बांधलेली आणि अशा बंदराकडे जाणारी जिथे त्याची ओळखही नव्हती. त्याने काय निवडलं हे सांगायला नको. १८७१ साली हिंदुस्थान सरकारने गोदावरीच्या वरच्या पात्रातलं काम कायमचं बंद केलं. १८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडला गेला. त्याच दशकात वर्ध्याहून रुळांचा फाटा वरोऱ्याच्या कोळसाखाणीपर्यंत आला. ज्या कोळशासाठी बोटी हव्या होत्या, तोही डब्यांतून जाऊ लागला. कॉटन पुढे पार्लमेंटच्या समितीपुढेही नद्यांची बाजू मांडत राहिले, पण प्राणहितेवरचा डाव हातून गेला होता.

दोष बोटीचा नव्हता. बोट खाली भद्राचलमपर्यंत चांगली चालत होती. उणीव होती ती काठावर. चपराळा ते सिरोंचा या टप्प्यात रोज तिकीट काढून बसेल एवढी माणसंच नव्हती. जी होती त्यांना एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचं असे आणि ते काम ढिवरांचे डोंगे आधीपासून करत होते. साग तर तराफे बांधून आपोआप खाली वाहत जाई. बोटीला हवा होता तो फक्त कापूस. त्याला बोटीची गरज लढाईपुरतीच होती.

सिंधू आणि तैग्रिस

मुंबईच्या आरमाराने याआधी एका नदीवर उलटा अनुभव घेतला होता. १५ फेब्रुवारी १८४३ रोजी सिंधमधल्या हैदराबादला मीरांच्या फौजेने रेसिडेन्सी घेरली. तिथला इंग्रज अधिकारी आउट्रम आणि त्याची मूठभर माणसं काही तास लढली आणि मग नदीत उभ्या असलेल्या ‘प्लॅनेट’ आणि ‘सॅटेलाइट’ या दोन आगबोटींवर चढून निसटली. दोनच दिवसांनी मियाणीची लढाई झाली आणि सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला. लढाईनंतर नदीवरच्या या आगबोटी मोडीत निघाल्या नाहीत. मुंबईच्या आरमाराकडे असलेला हा ताफा टपाल, सैनिक आणि प्रवासी घेऊन वर पंजाबकडे फेऱ्या करत राहिला. सिंधूवर तो टिकला, कारण तिथे काठाला शहरं होती, छावण्या होत्या आणि वर-खाली जाणारी माणसं होती. १८७८ साली सिंधू खोऱ्यातली रेल्वे पुरी झाली आणि मग काही वर्षांतच बोटींचंही भागलं. प्राणहितेपेक्षा एवढाच फरक की इथे आगगाडीला प्रवासी हिसकावून घ्यावे लागले.

पहिल्या महायुद्धात याच जातीच्या बोटी तैग्रिस नदीवर गेल्या. या मोहिमेशी महाराष्ट्राचं नातं जवळचं आहे. इंग्रज सेनापती टाउनशेंडच्या हाताखाली बगदादकडे निघालेल्या विभागाचं नावच ‘सहावा पुणे विभाग’ होतं आणि त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याहून बगदादकडे तेव्हा ना रूळ होते ना धड रस्ते. सैन्याचा दाणागोटा, दारूगोळा आणि जखमी माणसं सगळी नदीवर अवलंबून. बोटी कमी पडल्या, म्हणून इरावती आणि बंगालच्या नद्यांवरच्या प्रवासी बोटी समुद्र ओलांडून बसऱ्याला न्यायचं ठरलं. सपाट बुडाच्या, उथळ पाण्यासाठी बांधलेल्या या बोटी. त्यांतल्या काही अरबी समुद्रातच बुडाल्या.

डिसेंबर १९१५ पासून टाउनशेंडचं सैन्य कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडलं. एप्रिल येईतो शिधा संपत आला. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री ‘जुल्नार’ नावाची बोट सुमारे २७० टन धान्य घेऊन अंधारात निघाली. ‘जुल्नार’ मुळात बसरा-बगदाद मार्गावर लिंच बंधूंच्या कंपनीची प्रवासी बोट. तिच्यावर नदीचं वळणन्‌वळण जाणणारा चार्ल्स कौली होता, त्याच कंपनीच्या चाकरीतला कप्तान. तुर्कांनी नदीत तारेचे दोरखंड ताणून ठेवले होते. दोन्ही काठांवरून गोळ्यांचा मारा होत होता. बोटीवरचा अधिकारी फर्मन मारला गेला. बोट दोरखंडात अडकून काठाला लागली आणि तुर्कांच्या हाती पडली. कौलीला त्यांनी नंतर ठार केलं. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाच दिवसांनी कुत शरण गेलं आणि हजारो हिंदी सैनिक, त्यांत मराठा पलटणीही, कैदेत गेले.

युद्ध संपल्यावर तैग्रिसवर शेकडो बोटी उरल्या आणि सरकारने ताफा विकायला काढला. पण सैन्याने जाताना देशात रूळ टाकले होते. बसऱ्याहून बगदादला जाणाऱ्या माणसाला आता आगगाडी होती. ज्या रेल्वेचा बोजा बोटींनी आपल्या डेकवर वाहून आणला, तिनेच त्यांचे प्रवासी नेले.

डंकर्कहून परत

इंग्लंडमध्ये चाकाच्या बोटी सहलीच्या होत्या. रविवारी शहरातली माणसं समुद्रकाठी न्यायची, डेकवर बँड वाजवायचा, संध्याकाळी परत आणायची. उथळ पाण्यात चालत असल्यामुळे दोन्ही महायुद्धांत आरमाराने त्या सुरुंग काढण्याच्या कामाला लावल्या. मे १९४० च्या अखेरीस डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेलं सैन्य सोडवायला त्यांतल्या बऱ्याच धावल्या. २९ मे रोजी ‘क्रेस्टेड ईगल’वर बाँब पडून आग लागली आणि तिच्यावरची शेकडो माणसं गेली. त्याच दिवशी ‘वेव्हर्ली’ बुडाली. १९२४ साली बांधलेली ‘मेडवे क्वीन’ मात्र सात खेपा करून सुमारे ७,००० सैनिक घेऊन परतली.

युद्धानंतर या बोटी रंगरंगोटी करून पुन्हा सहलीला लागल्या. पहिली काही वर्षं गर्दीही झाली. पण कोळसा महाग झाला होता, आणि लढाईत झिजलेल्या यंत्रांची दुरुस्ती त्याहून महाग. त्यातच घरोघरी मोटारी आल्या. ज्या माणसाला पूर्वी समुद्रकाठी जायला बोटच सोयीची होती, तो आता बायकामुलांना मोटारीत घालून कुठेही जाऊ लागला. ‘मेडवे क्वीन’ १९६३ साली बंद पडली. मग ती क्लब झाली, बुडाली, चिखलात पडून राहिली. शेवटी हौशी मंडळींनी पैसे जमवून तिचा सांगाडाच नव्याने बांधला.

बुडालेल्या ‘वेव्हर्ली’च्या जागी त्याच नावाची नवी बोट बांधली गेली आणि ती १९४७ साली चालू झाली. १९७४ मध्ये तिच्या मालकांनी ती जुन्या बोटींच्या प्रेमींच्या संस्थेला एका पौंडात देऊन टाकली. मालकांना वाटलं असावं, ती आता कुठेतरी उभी राहील. संस्थेने ती चालती ठेवली आणि आजही ती प्रवासी घेऊन समुद्रात जाते. तिच्यावर बसणाऱ्याला कुठे पोचायचं नसतं. उघड्या यंत्रखोलीत दांडे फिरताना पाहायचे असतात, चाकाच्या झाकणाजवळ उभं राहून पाण्याचे तुषार अंगावर घ्यायचे असतात. प्रवास हाच तिथला माल.

अमेरिकेत ‘डेल्टा क्वीन’चं असंच झालं. १९२७ ची ही बोट कॅलिफोर्नियात रात्रीचा प्रवास घडवत असे. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने ती सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातात माणसं ने-आण करायला वापरली. १९४६ साली ती लिलावात विकली गेली आणि पुढच्या वर्षी पनामा कालव्यातून ओढत मिसिसिपीच्या खोऱ्यात आणली. तिथे २००८ पर्यंत तिने सहली काढल्या. तिचा वरचा भाग लाकडाचा, आणि १९६६ च्या सुरक्षा कायद्यात असल्या बोटी बसत नव्हत्या. तिला दर काही वर्षांनी संसदेकडून सूट मिळवावी लागे. जी बोट माणसांना आवडते तिच्यासाठी कायदाही थोडा वाकतो. बंगालच्या नद्यांवरच्या ‘रॉकेट’ नावाच्या चाकाच्या प्रवासी बोटींना तेवढं प्रेम मिळूनही जून २०२२ मध्ये पद्मेवर पूल झाल्यावर ढाक्याहून दक्षिणेकडे जाणारा प्रवासी बसकडेच वळला.

तिकीट कोण काढणार

या सगळ्या बोटींचं भवितव्य त्यांच्या यंत्रावर ठरलं नाही. ‘पंजाब’चा सांगाडा चांगला होता म्हणून ती शिडांवर जगली. सिंधूवर प्रवासी होते, तोवर ताफा चालला. तैग्रिसवर रूळ आले आणि बोटी विकल्या गेल्या. ‘वेव्हर्ली’ला मजेसाठी बसणारी माणसं मिळाली. प्राणहितेला यांतलं काहीच मिळालं नाही.

म्हणून २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याची यादी गडचिरोलीत बसून वाचली की थोडं थांबावंसं वाटतं. देशातले १११ जलमार्ग त्या यादीत आहेत आणि १०९ क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता आहे. कॉटन यांना हे वाचून समाधान वाटलं असतं. दरम्यान त्यांच्या मार्गावर बरंच काही घडून गेलं. इंचमपल्लीला मोठं धरण बांधायचा बेत निघाला, तेव्हा १९८० च्या दशकात बाबा आमटे आणि इथल्या आदिवासींनी त्याविरुद्ध मोहीम काढली. सिरोंचासमोर गोदावरीवर मेडिगड्डाचा बॅरेज उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. सिरोंचाच्या माणसाला आता पलीकडे जायला पूल आहे. सूरजागडचं खनिज आधी ट्रकने आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने गेलं. आता हेडरीहून कोनसरीला त्याचा चुरा पाण्यात कालवून जमिनीखालच्या नळातून जातो. नदीने वाहून न्यावा असा माल या खोऱ्यात आज भरपूर आहे, पण त्याने आपापल्या वाटा निवडल्या आहेत.

तरीही कोणी या पात्रात पुन्हा बोट सोडायची म्हणाला, तर यंत्र कोणतं आणि लॉक किती, हे त्याने नंतर सांगावं. देवलमरीच्या काठावरून कोण, कशासाठी आणि आठवड्यातून किती वेळा प्रवास करणार, आणि मे महिन्यात पात्र आटल्यावर त्याची सोय काय, याचं उत्तर त्याने आधी द्यावं. १८६० च्या दशकात ते द्यायची गरज कोणाला वाटली नाही, कारण कापसाच्या लढाईने खर्चाचा प्रश्न झाकून ठेवला होता. ती लढाई संपली तेव्हा उत्तर शोधायला उशीर झाला होता.